पुढे शोरूम, मागे माग : अक्कलकोट रोड एमआयडीसीची गोष्ट

गेल्या आठवड्यात आमच्या अक्कलकोट रोडवर आणखी एका शोरूमचं उद्घाटन झालं. फुग्यांची कमान, डीजे, पेढे, सगळं रीतसर. मीही गेलो, पेढा खाल्ला, गाड्यांवर हात फिरवून आलो. बाहेर पडताना सवयीने कान गेला तर मागच्या भिंतीपलीकडून खटाखट खटाखट चालूच. म्हणजे पुढच्या काचेवर 'फक्त आधार कार्डावर गाडी घरी न्या' आणि त्याच प्लॉटच्या मागच्या अर्ध्या भागात टॉवेल विणले जातायत. मधे एक भिंत. गेट एकच. विजेचा खांबही एकच.

तेव्हापासून हे डोक्यात आहे म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी नीलमनगरचा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दख्खनी आणि अक्कलकोटची गाडी पकडली की कन्नड. थोडक्यात, अस्सल सोलापूरकर. नायना, म्हणजे आमचे वडील, यंत्रमागावर जॉबर. माग बिघडला की सगळे त्यांच्या नावाने हाक मारायचे. आई विड्या वळायची, सकाळी सूप मांडीवर घेऊन बसायची आणि वेळेत ब्रँचला विड्या देऊन यायची. या रस्त्यावरचे निम्मे कारखाने मी नायनांचा डबा घेऊन आतून पाहिलेत. त्यामुळे कुठे काय होतं हे मला पाटी न वाचता सांगता येतं. फर्निचरचं मोठं दुकान आहे तिथे सायझिंग होतं. लग्नाचा हॉल आहे तिथे डाईंग होतं, पावसाळ्यात गटाराला कधी लाल तर कधी हिरवं पाणी यायचं, आम्ही पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडायचो.

तर गोष्ट सुरू करायची तर एमआयडीसीच्या फार आधीपासून करावी लागते. कारण सोलापुरात माग कुठे बसवायचा आणि माणसाने कुठे झोपायचं, हा वाद दीडशे वर्षांचा आहे.

आमचे तात, म्हणजे आजोबा, हातमागवाले. त्यांचे वडील निजामाच्या मुलखातून आलेले. करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर, वरंगल या भागांतून पद्मशाली विणकर पिढ्यानपिढ्या सोलापूरला येत राहिले, कधी दुष्काळामुळे, कधी कर्जामुळे, कधी नुसतं 'तिकडे काम आहे' या निरोपावर. मोमीन विणकर होते, लिंगायत व्यापारी होते, सूत होतं, बाजारपेठ होती आणि १८६० च्या सुमारास रेल्वेही आली. साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ या भागातलं जुनं विणकराचं घर डोळ्यांपुढे आणा. दारातून आत गेलं की पहिली खोली माणसांची नाहीच, मागाची. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. मागे चूल. बाई स्वयंपाक करता करता कांड्या भरायची, पोरं सूत उकलायची. घर आणि कारखाना वेगळा नव्हताच. झोप आली की मागाशेजारीच पसरायचं.

मग गिरण्या आल्या. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल. मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांची. मुरारजी पेठ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्यानंतर १८९८ च्या आसपास लक्ष्मी आणि नरसिंग गिरजी, पुढच्या दहा-बारा वर्षांत विष्णू आणि जाम. गिरणीने काय केलं? माणसाला घरातून उचललं आणि भोंग्यावर चालायला लावलं. काम इथे, झोप तिथे. झोपेसाठी चाळी बांधल्या. जुनी मिल चाळ, एन. जी. मिल चाळ, लक्ष्मी-विष्णू चाळ, ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. आणि ज्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती ठरवलं होतं, त्यांना तर सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात ठेवून गिरणीत कामाला धाडलं. तो इतिहास वेगळा आणि मोठा आहे, एका पोस्टमध्ये उरकण्यासारखा नाही.

याच गिरणगावाने १९३० साली इंग्रजांची झोप उडवली, मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. चार हुतात्मा चौकात आपण सगळे हार घालतो. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार किती होते, हे मात्र भाषणात फारसं येत नाही.

गिरण्या बंद पडल्या त्याही एकदम नाही. जुनी मिल साठच्या दशकात गेली. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. नरसिंग गिरजी नव्या शतकाच्या सुरुवातीला. प्रत्येक वेळी तेच. आधी पगार लांबतो, मग एक पाळी बंद, मग गेटला कुलूप, मग देणी, कोर्ट, आंदोलन, आणि खूप वर्षांनी एक दिवस जागेला भाव आलाय असं सगळ्यांच्या लक्षात येतं. कापड विणून जी जागा पोट भरू शकली नाही ती जागा विकून कोणाचं तरी पोट भरतं. फक्त ते पोट कामगाराचं नसतं.

मधल्या काळात हातमागाचे यंत्रमाग झाले. आणि बघा गंमत, माग परत घरात आला! गिरणीने वेगळं केलेलं घर आणि काम पुन्हा एका छपराखाली. खाली चार माग, वर घर. भिंती हलायच्या, ताटातलं वरण थरथरायचं, लहान पोरं त्या आवाजात गाढ झोपायची आणि वीज गेली की आवाज थांबल्याने दचकून उठायची. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या घरी हेच होतं.

आता एमआयडीसी. महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा १९६१ चा, महामंडळ स्थापन झालं १ ऑगस्ट १९६२ ला. पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. कल्पना साधी आणि चांगली होती. शेतकऱ्यांकडून जमीन घ्यायची, रस्ते-पाणी-वीज द्यायची, प्लॉट पाडायचे आणि कारखानदाराला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. नीट लक्षात घ्या, भाडेपट्ट्याने. आपण बोलताना 'अमक्याचा प्लॉट', 'तमक्याने प्लॉट विकला' म्हणतो. कागदावर जमीन महामंडळाची म्हणजे सरकारचीच असते. कारखानदाराकडे असतो वापराचा हक्क, आणि तोही उद्योगासाठी. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर परवानगी आणि शुल्क. पोटभाडेकरू ठेवायचा तर परवानगी आणि शुल्क. कारखान्याच्या जागेवर दुकान थाटायचं तरी परवानगी आणि शुल्क. आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याने जमीन दिली ती कारखाना येणार, पोरांना काम मिळणार म्हणून. तिथे पुढे गाड्यांचं शोरूम येईल असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सोलापूरला चिंचोळीची एमआयडीसी पुणे रस्त्याला, मोहोळ तालुक्यात. तिकडे मोठे कारखाने गेले. अक्कलकोट रोडला मात्र आपलं पिढीजात काम आलं. यंत्रमाग, सायझिंग, डाईंग, सुताची गोडाऊनं, पुढे गारमेंट. पेठेत ज्यांचे चार माग होते त्यांनी इथे येऊन बारा टाकले, बाराचे चोवीस केले. पेठेतल्या शेजाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. दिवस चांगले होते. सोलापुरी जकार्ड चादर घराघरात होती, मुलीच्या रुखवतात चादर नसेल तर नातेवाईक विचारायचे. पुलगम, चाटला ही नावं एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसालाही पाठ. मग टॉवेलने चादरीला मागे टाकलं, परदेशात माल जाऊ लागला. २००५ च्या सुमारास चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आणि कागदावर जे वेगळं केलं होतं ते इथेही परत एकत्र आलं. एमआयडीसीत राहायला परवानगी नाही, कारखान्यात कारखानाच हवा. पण रात्रपाळीला राखण कोण करणार? सुताच्या गाठी लाखांच्या. मग राखणदाराचं कुटुंब मागच्या खोलीत आलं. बाहेरगावचा कामगार आला, त्याला भाडं परवडेना, तो गोडाऊनवरच्या पोटमाळ्यावर झोपू लागला. काही मालकांनीही कारखान्यावरच घर बांधलं, कारण बाप-आजा तसाच राहिला होता. मागाच्या आवाजात झोपायची ज्याला सवय आहे त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. नायनांच्या एका मालकाचं घर असंच होतं, खाली चोवीस माग आणि वर देवघर. दिवाळीला आम्हाला तिथे जेवायला बोलवायचे. जिना एकच, तोही मागांच्या मधून वर जाणारा. त्यावेळी मला ते घर जगात भारी वाटायचं.

उतरण कशी लागली ते थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. पानिपतहून स्वस्त माल आला, त्यातला काही चक्क 'सोलापुरी' नावाने विकला गेला. चीनचं मऊ मिंक ब्लँकेट आलं आणि रुखवतातली चादर बाहेर पडली. सुताचे भाव आज एक, उद्या एक. वीज शेजारच्या राज्यापेक्षा महाग. तिकडे तेलंगणाने २०१७ पासून बतुकम्माच्या साड्यांचं सरकारी काम सिरसिल्लाच्या मागवाल्यांना दिलं, आपल्याकडे तसं मोठं हुकमी काम कोणी दिलं नाही. मालकांनीही नवे माग घ्यायला वेळ लावला, हे आपल्यातच बोलू. बाहेर रेपियर आणि बिनधोट्याचे माग येऊन वर्षं झाली तरी आपण आजोबांच्या काळचे साचे तेल घालून चालवत राहिलो. भविष्य निर्वाह निधीवरून भांडणं झाली. कागदावर तीन भावांचे तीन कारखाने आणि आत हॉल एकच, म्हणजे कामगारांचा आकडा कायद्याच्या खाली. हे गुपित कोणापासून लपलेलं होतं? आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पुढची पिढी. मालकाच्या पोराला पुण्यात आयटीत नोकरी, जॉबरच्या पोराला, म्हणजे मला, माग नको. मी आज मोबाईल कंपनीच्या वितरकाकडे हिशेब लिहितो. तेही याच रस्त्यावर, एका जुन्या कारखान्याच्या पुढच्या गाळ्यात. तेव्हा शोरूमला नावं ठेवायला मी मोकळा नाही, हे आधीच कबूल करतो.

पण कारखाने अशक्त झाले म्हणून बाजार आला, एवढंच नाही. बाजार यायला रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला कारण घडत होतं आणि ते आपण नीट पाहिलं नाही. १९९२ ला शहराची हद्दवाढ झाली, गाव पसरत निघालं. मग कुंभारीला नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांची १० हजार घरं उभी राहिली, कॉम्रेड गोदुताई परुळेकर वसाहत. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन चाव्या देऊन गेले. त्यानंतर रे नगर, ३० हजार घरांची योजना. २०१९ च्या जानेवारीत पायाभरणी, १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांचं पंतप्रधान मोदींच्या हस्ते हस्तांतर. घरामागे पाच माणसं धरली तर नुसत्या या २५ हजार घरांची सव्वा लाख माणसं होतात. हिशेब कागदावरचा आहे, सगळी घरं भरलेली नाहीत, तरी अंदाज यायला पुरे. एक आख्खं तालुक्याचं गाव कुंभारीच्या माळावर वसलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा सोलापुरात यायचा-जायचा रस्ता आपल्या एमआयडीसीवरून. कुंभारीलाच मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल आलं. वर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणारी गर्दी. सोलापूर ते अक्कलकोट जेमतेम ४० किलोमीटर, रस्ता चौपदरी झाला, गुरुवारी आणि सुट्टीला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग.

आता तुम्हीच सांगा, ज्या रस्त्यावरून रोज एवढी माणसं जातात त्या रस्त्यावर दुकान निघणार नाही तर काय? आधी टपरी आली. मग मेस आली, मग मेडिकल, मग बिर्याणी, मोबाईल, टाइल्स, दुचाकी, जिम, केक शॉप. विडी वळून दमलेली बाई संध्याकाळी घरी जाताना इथेच भाजी घेते, पोरासाठी वही घेते. तिला पूर्वी त्यासाठी मंगळवार बाजार गाठावा लागायचा. हा बाजार कोणा बिल्डरने आणलेला नाही. तिच्या पायांनी आणलाय. त्यामुळे जे मित्र तावातावाने म्हणतात की सगळी दुकानं उठवा, एमआयडीसी वाचवा, त्यांचं मला पटत नाही. दुकानात काम करणारी पोरं कोणाची आहेत? याच मागवाल्यांची. माझी बहीण गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवते. ते कामही इथेच वाढलं आणि देशभर गेलं. रस्ता जिवंत आहे तो बदलतोय म्हणून.

खटकतं ते वेगळंच. बदल झाला तो पुढच्या तीस फुटांत. मागचं सगळं तसंच.

कसं होतं ते सांगतो. प्लॉट रस्त्याला लागून आहे. माग चालवून महिन्याला जे सुटतं त्याहून जास्त भाडं पुढचा तुकडा दिल्यावर येतं, तेही बिनघोर, संपाची भीती नाही, सुताच्या भावाची नाही. मग पुढे शटर लागतात. पण माग एकदम बंद करवत नाहीत, कारण कर्ज आहे, जुने कामगार आहेत, थोडी जीवाची ओढही आहे. मग माग मागे सरकतात. बारा मागांच्या जागेत अठरा. सुताच्या गाठी आधी पुढच्या ओसरीत असायच्या, आता त्या जिन्याखाली आणि वाटेत. पूर्वी समोरून मोठं गेट होतं, ट्रक आत यायचा. आता त्या जागी शोरूमची काच, आणि कामगारांना बाजूच्या बोळातून तीन फुटांचं दार. शोरूमला एसी, त्याची वायर जुन्याच मीटरवरून. आणि राहणारी माणसं? ती कुठे जाणार, ती आणखी वर, आणखी मागे. घर, माग आणि दुकान असं तिहेरी बिऱ्हाड एका प्लॉटवर. घर आणि माग एकत्र असण्याची सवय आपल्याला शंभर वर्षांची. पण तातांच्या घरात हातमाग होता, मोटार नव्हती, पॉलिस्टर नव्हतं, आणि दोन पावलांवर दार होतं.

१८ मे २०२५ ची पहाट इथल्या कोणाला विसरता येईल? रविवार होता. पहाटे चारच्या आत-बाहेर एका टॉवेल कारखान्याला आग लागली. दिवसभर आग आणि शोध चालू राहिला. आठ माणसं गेली. मालकांच्या घरातली चार, कामगाराच्या घरातली चार. त्यात आजोबा होते आणि लहान लेकरूही होतं. सगळे तिथेच राहत होते. त्या आगीचं कारण काय, दोष कोणाचा, हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला एवढंच दिसतं की मालक आणि कामगार एकाच छपराखाली झोपले होते आणि एकाच पहाटे गेले. त्या दिवशी आम्ही पोरं बाहेर उभी होतो. टॉवेलचं सूत किती वेळ जळतं ते त्या दिवशी कळलं. नायना घरातून बाहेरच आले नाहीत. रात्री एवढंच म्हणाले, "असे जिने मी किती चढलोय रे."

मुंबईवाल्यांचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा नीट उभ्याच राहिल्या नाहीत. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरली होती, त्यात शहरासाठी मोकळी जागा होती, परवडणाऱ्या घरांसाठी जागा होती. २००१ ला त्या नियमाचा अर्थ बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची उरली. परळला टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणीच्या जुन्या आवारांत हॉटेलं, पब, ऑफिसं थाटली. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारात आग लागून १४ जण गेले. तिथे माग नव्हते, सूत नव्हतं. होतं ते एका कामासाठी बांधलेल्या आवारात दुसरंच काम. नाव अजून 'मिल'च होतं.

आपल्याकडे अजून तेवढं झालेलं नाही. म्हणून आत्ता बोलायचं. नाहीतर आधी एक आग, मग आठ दिवस पाहणी, मग नोटिसा, मग सगळं थंड, हे आपलं ठरलेलं आहे.

मी काही नियोजनतज्ज्ञ नाही. पण डबे पोहोचवून आणि आता हिशेब लिहून जे कळतं ते सांगतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला 'बी फॉर्म' म्हणतात, परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैत. माझ्या ओळखीच्या किती दुकानदारांना हे माहीत आहे असं विचारत फिरलो. बहुतेकांनी सांगितलं, भिंतीला लाल सिलिंडर आहे की ओ. सिलिंडरवरची तारीख बघा म्हटलं तर एकाकडे ती तारीख त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाआधीची निघाली! म्हणजे सिलिंडर जागेबरोबर आला होता.

शिवाय कोणाला विचारायचं हाही प्रश्न. रस्त्यावरच्या दिव्यासाठी मी एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने पहिल्याकडे. दिवा अजून बंद आहे. दिव्याचं हे, तर आतल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लावलेल्या ट्रकमधून अग्निशमनची गाडी कशी आत जाईल हे कोण बघणार?

दुकानदार मित्रांना सांगणं एवढंच. तुमच्या गाळ्याच्या मागे काय आहे ते एकदा जाऊन बघा. भाडेकरार करताना मालकाला विचारा की महामंडळाकडून व्यापारी वापराची परवानगी आहे का. नसेल तर उद्या काही झालं की विमा कंपनी पहिला तोच कागद मागेल. कारखानदार काकांनो, तुम्ही आम्हाला दिवाळीला जेवू घातलंय, तुमच्याशी भांडण नाही. पुढचा भाग भाड्याने द्या, पण त्या भाड्यातून मागे दुसरा जिना काढा, वायरिंग बदला, आणि वर माणसं झोपत असतील तर ते लपवू नका. लपवलेल्या माणसाला शोधायला कोणी जात नाही, आत कोणी आहे हेच माहीत नसतं. कुंभारीला हजारो घरं उभी राहू शकतात तर एमआयडीसीलगत कामगारांसाठी भाड्याची साधी खोल्यांची इमारत का उभी राहू शकत नाही, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा. निवडणुकीत सगळे आमच्या गल्लीत येतात, तेव्हा विचारू.

एक जुनी गोष्ट राहिली. नायना निवृत्त झाले तेव्हा मालकाने त्यांना मागाचा एक जुना धोटा दिला, आठवण म्हणून. लाकडी, टोकाला लोखंड, मधे कांडीची जागा. तो आमच्या टीव्हीशेजारी असतो. परवा शेजारचं पोरगं विचारत होतं, काका ही बोट आहे का? नायना हसले आणि त्याला तो कसा पळतो ते हाताने दाखवत बसले, तोंडाने खटाखट आवाज काढत. पोरगं खूश.

बरं, कामाचं. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी तयार केलाय. चार प्रश्न आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किती प्लॉटना औद्योगिक वापर बदलून व्यापारी वापराची परवानगी दिली, त्यापोटी किती शुल्क जमा झालं, ते कशावर खर्च झालं, आणि गेल्या दोन वर्षांत किती इमारतींचे बी फॉर्म आले. एकट्याने अर्ज देता येतो, पण वीस-पंचवीस जणांनी आपापल्या नावाने दिले तर बरं. रविवारी सकाळी नऊला आमच्या नीलमनगरच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर बसणार आहे. येताना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि पेन आणा, चहा माझ्याकडून. ज्यांच्याकडे या रस्त्याचे जुने फोटो असतील, कारखान्याच्या पूजेचे, खंडेनवमीला माग सजवलेले, गेटवर ग्रुपने काढलेले, त्यांनी तेही घेऊन या. कोणत्या गाळ्याच्या जागी काय होतं ते नायना ओळखून सांगतील. त्यांना मी बळेच घेऊन येणार आहे.